ईसॉपची ‘सरासरी किंमत’ : ग्रँट लेटरमधला आकडा स्वतः काढून बघा

ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर आधी ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क, म्हणजेच ऑप्शन. तो दिल्याचं (ग्रँटचं) जे पत्र कंपनी देते, त्या ग्रँट लेटरमध्ये एक ओळ असते : ‘एक्सरसाइज किंमत ही ग्रँटच्या तारखेआधीच्या दहा ट्रेडिंग दिवसांच्या बंदभावांची सरासरी राहील.’ खाली आकडा असतो, सही असते. तो आकडा आला कुठून, याचा कागद मात्र नसतो. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नोकरी करणारी आणि पहिल्यांदाच ईसॉप मिळालेली पोरं-पोरी हे पत्र मोबाइलवर उघडून दाखवतात, तेव्हा मी आधी विचारतो, हा आकडा स्वतः काढून पाहिला का? उत्तर बहुतेक ठरलेलं : ‘भाऊ, सरासरी तर सरासरीच राहते ना, त्यात काय पाहाचं?’

पाहण्यासारखं बरंच आहे. बेरीज आणि भागाकार शाळेतलाच आहे, पण बेरजेत कोणते आकडे घ्यायचे यावर सगळं ठरतं. कोणता भाव, कोणत्या एक्सचेंजचा, कोणत्या दिवसांचा, आणि मध्ये बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे लहान तुकडे) झाला असेल तर काय, या चार गोष्टी नक्की झाल्या की उरलेलं काम पाच मिनिटांचं आहे. हा लेख शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांसाठी आहे. नोंद नसलेल्या स्टार्टअपला बंदभावच नसतो. तिथे मूल्यांकनाचा अहवाल लागतो.

आधी तीन किमती वेगळ्या करा

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून गणिताच्या आधी हे.

पहिली, एक्सरसाइज किंमत. ऑप्शन वापरून शेअर घेताना तुम्ही कंपनीला प्रत्येक शेअरमागे जी रक्कम देणार ती. बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०२१ च्या शेअर-आधारित कर्मचारी लाभ विनियमांनी ती ठरवण्याची मोकळीक कंपनीला दिली आहे. लेखांकनाचे नियम पाळले की झालं. दहा दिवसांची सरासरी घ्या, तीस दिवसांची घ्या, सरासरीवर सूट द्या किंवा थेट दर्शनी मूल्यावर (शेअरच्या मूळ नोंदलेल्या किमतीवर) शेअर द्या, कंपनीची मर्जी. म्हणजे ‘दहा दिवसांची सरासरी’ हा कायद्याचा नियम नाही, तुमच्या कंपनीच्या योजनेतलं कलम आहे.

दुसरी, सेबीच्या व्याख्येतला ‘मार्केट प्राइस’. इथे सरासरीचा प्रश्नच येत नाही. संबंधित तारखेच्या आदल्या दिवशी उपलब्ध असलेला ताजा बंदभाव, एवढंच. शेअर एकाहून जास्त एक्सचेंजांवर असेल तर जिथे उलाढाल जास्त तिथला बंदभाव. ग्रँटच्या बाबतीत संबंधित तारीख म्हणजे कंपेन्सेशन कमिटीच्या (मोबदला ठरवणाऱ्या समितीच्या) ज्या बैठकीत ग्रँट झाली ती तारीख. पत्र तुमच्या हातात आठ दिवसांनी पडलं तरी तारीख बैठकीचीच.

तिसरी, करासाठीचा वाजवी बाजारभाव. तो एक्सरसाइजच्या दिवशी लागतो आणि त्याचं सूत्र अगदी निराळं आहे. त्याकडे शेवटी येतो.

तिन्ही किमती एकाच पत्रव्यवहारात येतात. त्यामुळे ‘सरासरी’ शब्द दिसला की ही तिघांपैकी कोणती, हे आधी ठरवा.

पायरी १ : पत्र नव्हे, योजना वाचा

ग्रँट लेटर दोन पानांचं असतं. खरा मजकूर योजनेच्या दस्तऐवजात असतो, जो भागधारकांनी मंजूर केलेला असतो. एचआरच्या पोर्टलवर तो सापडतो, नाही तर मागून घ्यायचा. त्यातली व्याख्यांची पानं उघडा आणि पेन्सिल घेऊन बसा. सरासरी साधी की भारित? ट्रेडिंग दिवस म्हटलंय की नुसतं ‘दिवस’? ग्रँटचा दिवस धरायचा की सोडायचा? एक्सचेंज कोणतं? पूर्णांकन, म्हणजे आकडा जवळच्या पैशावर किंवा रुपयावर आणणं, कसं करायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा नसतंच, आणि मग पत्रातला आकडा आणि आपला आकडा यांत चाळीस-पन्नास पैशांचा फरक राहतो.

माझं मत विचाराल तर प्रत्येक कंपनीने ग्रँट लेटरसोबत हिशेबाचं एक पान जोडायला हवं. दहा ओळींचा तक्ता असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण बहुतेक कंपन्या जोडत नाहीत, म्हणून हा उपद्व्याप.

पायरी २ : बंदभाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे

टीव्हीवर साडेतीनच्या ठोक्याला जो आकडा चमकतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. बंदभाव वेगळा. एनएसईवर दुपारी ३ ते ३:३० या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची संख्येनुसार भारित सरासरी काढतात, तो बंदभाव. त्या अर्ध्या तासात एकही सौदा झाला नाही तर दिवसातला शेवटचा सौद्याचा भाव धरतात.

जवळून पाहू. समजा, आपल्या काल्पनिक कंपनीच्या शेअरमध्ये त्या अर्ध्या तासात तीनच सौदे झाले : १,००० शेअर ५२१ रुपयांना, ३,००० शेअर ५२२ ला, आणि अगदी शेवटी १,००० शेअर ५२३.२५ ला. एकूण रक्कम २६,१०,२५० रुपये, एकूण शेअर ५,०००. भागाकार ५२२.०५. हा बंदभाव. शेवटचा सौदा ५२३.२५ चा होता, पण तो तुमच्या सरासरीत येत नाही.

म्हणजे ‘बंदभावांची सरासरी’ ही खरं तर सरासरींची सरासरी आहे. शेवटच्या मिनिटाला कुणी मोठी खरेदी करून भाव चढवला तरी बंदभाव त्या मानाने कमी हलतो, आणि दहा दिवसांच्या सरासरीत तर तो धक्का अजून पातळ होतो. कंपन्या एका दिवसाऐवजी अनेक दिवस घेतात ते यासाठीच. अमेरिकेत २००६ च्या सुमारास बऱ्याच कंपन्यांनी भाव खाली असलेला जुना दिवस शोधून ग्रँटची तारीख मागे नेल्याचं उघड झालं होतं. दहा-वीस दिवसांची सरासरी ठरलेली असली की असा एखादा सोयीचा दिवस निवडून फारसं हाती लागत नाही.

पायरी ३ : आकडे एक्सचेंजकडूनच घ्या

एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं चिन्ह आणि तारखा टाकल्या की जुन्या भावांची फाइल उतरवता येते. त्यात ‘ओपन’, ‘हाय’, ‘लो’, ‘लास्ट’, ‘क्लोज’ आणि ‘अ‍ॅव्हरेज’ किंवा ‘व्हीडब्ल्यूएपी’ असे स्तंभ असतात. आपल्याला फक्त ‘क्लोज’ हवा. ‘लास्ट’ हा शेवटच्या सौद्याचा. ‘अ‍ॅव्हरेज’ हा संपूर्ण दिवसाच्या उलाढालीचा भारित भाव. सरासरी काढायची म्हणून नेमका ‘अ‍ॅव्हरेज’चा स्तंभ उचलणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा दोष तरी कसा म्हणायचा! सीरीजमध्ये ‘ईक्यू’ (नेहमीचे इक्विटी शेअर) निवडलं आहे ना, तेही बघा. बीएसईवर चिन्हाऐवजी सहा अंकी कोड लागतो आणि भारित भावाच्या स्तंभाला ‘डब्ल्यूएपी’ म्हणतात.

भावांच्या फुकट संकेतस्थळांवरचे, त्यातही परदेशी संकेतस्थळांवरचे आकडे या कामाला घेऊ नका. तिथला ‘अ‍ॅडजस्टेड क्लोज’ लाभांश वजा करून मागे सरकवलेला असतो. तक्ते पाहायला तो ठीक आहे. पण त्या दिवशी बाजारात जो बंदभाव नोंदला गेला, तो तो नव्हे.

पायरी ४ : दिवस मोजा, आणि नागपूरचं कॅलेंडर बाजूला ठेवा

खरी गंमत इथे आहे, म्हणून थोडं सावकाश.

ट्रेडिंग दिवस म्हणजे एक्सचेंज सुरू असलेला दिवस. तुमच्या ऑफिसची सुटी, बँकेची सुटी, जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक सुटी यांचा त्याच्याशी संबंध नाही. ३ सप्टेंबर २०२४ ला मंगळवार होता. नागपुरात तान्हा पोळा होता, मारबत-बडग्यांची मिरवणूक निघाली होती. मुंबईत बाजार नेहमीसारखा चालू होता. शिवजयंतीला, १९ फेब्रुवारी २०२५ ला, राज्यात सुटी आणि बाजारात सौदे. उलटही होतं : १ फेब्रुवारी २०२५ हा शनिवार असूनही अर्थसंकल्पामुळे बाजार पूर्ण वेळ उघडा होता. २१ ऑक्टोबर २०२५ ला लक्ष्मीपूजनाची सुटी, पण दुपारी पावणेदोन ते पावणेतीन मुहूर्ताचे सौदे झाले. त्या तासाभराच्या सत्रालाही स्वतःचा बंदभाव असतो, त्यामुळे योजनेत वेगळं काही लिहिलं नसेल तर तोही दिवस मोजणीत येतो.

म्हणून एक्सेलमधला कामाचे दिवस मोजणारा फॉर्म्युला वापरू नका. तो १ फेब्रुवारीचा शनिवार खुशाल गाळून टाकेल. एक्सचेंजच्या फाइलमध्ये जेवढ्या तारखांच्या ओळी आहेत तेवढेच ट्रेडिंग दिवस. ग्रँटच्या तारखेपासून मागे जात दहा ओळी मोजायच्या.

आता उदाहरण. कमिटीची बैठक २२ एप्रिल २०२५ ला, मंगळवारी झाली असं धरू. योजनेत लिहिलंय ‘ग्रँटच्या तारखेआधीचे दहा ट्रेडिंग दिवस’, म्हणजे २२ तारीख सोडायची. मागे चला. २१ सोमवार चालू. १८ ला गुड फ्रायडे, बंद. १७, १६, १५ चालू. १४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, बंद. ११ चालू. १० ला महावीर जयंती, बंद. ९, ८, ७ चालू, मग शनिवार-रविवार ओलांडून ४ आणि ३. झाले दहा. भाव आपल्या काल्पनिक कंपनीचे :

३ एप्रिल – ५१२.४०
४ एप्रिल – ४९८.७५
७ एप्रिल – ४७१.२०
८ एप्रिल – ४८०.१०
९ एप्रिल – ४७६.८५
११ एप्रिल – ४८९.३०
१५ एप्रिल – ५०३.६०
१६ एप्रिल – ५०६.१५
१७ एप्रिल – ५१४.९०
२१ एप्रिल – ५२२.०५

बेरीज ४,९७५.३०. दहाने भागलं की ४९७.५३. ही एक्सरसाइज किंमत.

७ एप्रिलचा खड्डा मुद्दाम ठेवला आहे. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने त्या दिवशी सेन्सेक्स २,२२६ अंकांनी आपटला होता. असा दिवस खिडकीत, म्हणजे सरासरीसाठी घेतलेल्या दिवसांत, येतो की नाही, यावर तुमची किंमत हलते. आता समजा, कुणी ‘दहा दिवस’ म्हणजे कॅलेंडरचे दहा दिवस धरले. मग खिडकी १२ ते २१ एप्रिल एवढीच होते, आणि तिच्यात बाजार उघडा होता फक्त चार दिवस : १५, १६, १७ आणि २१. चार बंदभावांची सरासरी येते ५११.६८. फरक १४.१५ रुपयांचा. तुम्हाला ६०० ऑप्शन मिळाले असतील तर ८,४९० रुपये जास्त मोजावे लागतील, आणि ते ‘ट्रेडिंग’ हा एक शब्द योजनेत आहे की नाही एवढ्यावरून.

ग्रँटचा दिवस धरून मोजलं तर ३ एप्रिल बाहेर पडतो आणि २२ आत येतो. २२ चा बंदभाव ५२५.४० असेल तर सरासरी ४९८.८३. इथे फरक लहान आहे, पण दोन्हीपैकी कोणतं बरोबर हे योजनेतल्या ‘आधीचे’, ‘पर्यंतचे’ किंवा ‘धरून’ अशा एखाद्या शब्दावरच ठरतं. संध्याकाळी बैठक झाली म्हणून त्या दिवसाचा बंदभाव आपोआप धरता येत नाही.

एक्सेलची एक खोड सांगून पुढे जातो. सरासरीचा फॉर्म्युला रिकामी चौकट सोडून देतो, पण शून्य मोजतो. सुटीच्या दिवशी कुणी ० लिहून ठेवलं असेल तर किंमत एकदम कोसळते आणि चूक तरी दिसते. याउलट सुटीच्या दिवसांना आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढून भरला असेल तर आकडा फसवा येतो. वरच्याच उदाहरणात ३ ते २१ एप्रिल असे १९ दिवस तसे भरले तर सरासरी ४९८.०१ निघते. ४९७.५३ च्या इतकी जवळ की नजरेतून सहज निसटते.

पायरी ५ : साधी की भारित

‘बंदभावांची सरासरी’ म्हटलं असेल तर साधी. प्रत्येक दिवसाला सारखा मान. ‘व्हॉल्यूम वेटेड’ म्हटलं असेल तर ज्या दिवशी शेअर जास्त विकले गेले त्या दिवसाचं वजन जास्त. कळमना मार्केटात संत्र्याची एक गाडी स्वस्तात आणि दोनच क्रेट महाग गेले, तर दिवसाचा सरासरी भाव गाडीकडे झुकणार, क्रेटकडे नाही. तसंच हे.

फक्त दोन दिवस घेऊन बघा. ७ एप्रिलला ४७१.२० च्या भावाने ९ लाख शेअर आणि २१ ला ५२२.०५ ने ३ लाख, असं धरलं तर साधी सरासरी ४९६.६३, भारित ४८३.९१. पडझडीच्या दिवशी उलाढाल वाढते, म्हणून अशा काळात भारित सरासरी बहुधा खाली येते आणि कर्मचाऱ्याच्या पथ्यावर पडते. मात्र प्रत्यक्षात भारित सरासरी बंदभावाला उलाढालीने गुणून काढत नाहीत; सगळ्या दिवसांची एकूण उलाढाल रुपयांत घेऊन तिला एकूण शेअरसंख्येने भागतात. एक्सचेंजच्या फाइलमध्ये दोन्ही स्तंभ असतात.

‘९० दिवसांची सरासरी’ असं कुणी सांगितलं तर थांबा. ९० आणि १० ट्रेडिंग दिवसांचे भारित भाव काढून त्यातला जास्त असेल तो घ्यायचा, हा सेबीचा नियम प्रेफरन्शियल इश्यूच्या किमान किमतीचा आहे. गुंतवणूकदारांना थेट शेअर देताना तो लागतो. ईसॉपला तो लावायची सक्ती नाही.

पायरी ६ : मध्ये बोनस किंवा स्प्लिट झाला का?

एक्सचेंजच्या जुन्या भावांत मागे जाऊन दुरुस्ती केलेली नसते. खिडकीच्या मध्यातच शेअरचे तुकडे पडले असतील तर आधीचे भाव आणि नंतरचे भाव वेगळ्या मापाचे असतात. वरच्या उदाहरणात १५ एप्रिलपासून दर्शनी मूल्य १० चं २ झालं असतं, तर ११ तारखेपर्यंतचे सहा भाव पाचपट दिसले असते, आणि आंधळी सरासरी १,६६८.९७ आली असती. आधीच्या सहा भावांना पाचने भागून मग बेरीज केली की पुन्हा ४९७.५३.

इतकी मोठी चूक कुणाच्याही लक्षात येते. घोळ होतो तो छोट्या बोनसने. दहा शेअरमागे एक बोनस दिला असेल तर आधीच्या भावांना १० ने गुणून ११ ने भागावं लागतं. फरक जेमतेम ९ टक्क्यांचा, म्हणजे बाजार उतरला असेल असं समजून माणूस पुढे जातो. म्हणून खिडकीतल्या तारखांची कॉर्पोरेट अ‍ॅक्शनची (बोनस, स्प्लिट, लाभांश यांची) यादी एक्सचेंजच्या संकेतस्थळावर एकदा चाळावी. नेहमीच्या लाभांशासाठी साधारणपणे दुरुस्ती करत नाहीत.

ग्रँट झाल्यानंतर बोनस किंवा स्प्लिट झाला तर सरासरी पुन्हा काढायची नाही. तेव्हा तुमच्या ऑप्शनची संख्या वाढते आणि एक्सरसाइज किंमत त्याच प्रमाणात उतरते, आणि ते कसं करायचं हे योजनेत दिलेलं असतं. कंपनीचं सुधारित पत्र आलं का, एवढं बघा.

पायरी ७ : पैशांचं पूर्णांकन

शेवटीच करा, प्रत्येक दिवसाला नाही. ४९७.५३ हा भाव बाजारात सौद्याला चालणार नाही, कारण तिथे या भावपट्ट्यात ५ पैशांच्या टप्प्याने बोली लागते. पण एक्सरसाइज किंमत ही कंपनी आणि तुमच्यातली असल्याने चालते. ‘पुढच्या पूर्ण रुपयावर’ असं योजनेत असेल तर ४९८. ६०० ऑप्शनवर २८२ रुपयांचा फरक.

आता हा आकडा त्या दिवशीच्या ‘मार्केट प्राइस’शी ताडून बघा. २१ एप्रिलचा बंदभाव ५२२.०५, तुमची किंमत ४९७.५३. भाव चढत असताना सरासरी मागे रेंगाळते, म्हणून इथे शेअरमागे २४.५२ रुपयांची सूट आपसूक मिळाली. बाजार उतरता असता तर उलट झालं असतं; ग्रँटच्याच दिवशी तुमची किंमत बाजारभावाच्या वर असती. तसं दिसलं तर घाबरू नका आणि एचआरशी भांडूही नका, ती सरासरीची चाल आहे.

पायरी ८ : एक्सरसाइजचा दिवस आणि कराचं सूत्र

ग्रँट आणि व्हेस्टिंग (ऑप्शन वापरण्याचा हक्क पक्का होणं) यांत सेबीच्या नियमाने किमान एक वर्ष जावं लागतं. त्यानंतर तुम्ही ऑप्शन वापरता तेव्हा वाजवी बाजारभाव आणि एक्सरसाइज किंमत यांतला फरक पगारातला लाभ (पर्क्विझिट) म्हणून धरतात आणि त्यावर टीडीएस कापतात.

हा वाजवी बाजारभाव ३१ मार्च २०२६ पर्यंत १९६२ च्या आयकर नियमावलीतल्या नियम ३(८) प्रमाणे काढत : एक्सरसाइजच्या दिवशीचा उघडता भाव आणि बंदभाव यांची सरासरी. दोनच आकडे, एकच दिवस. शेअर दोन्ही एक्सचेंजांवर असेल तर ज्यावर उलाढाल जास्त तिथले दोन्ही आकडे. एक इथला, एक तिथला असं करता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे त्यानंतरच्या कागदांवर कलमांचे आणि नियमांचे जुने क्रमांक शोधू नका.

समजा, त्याच कंपनीतल्या एका जुन्या कर्मचाऱ्याकडे ३१० रुपये किमतीचे २०० ऑप्शन होते आणि तिने ते शुक्रवारी, १४ नोव्हेंबर २०२५ ला वापरले. त्या दिवशी उघडता भाव ६८८, बंदभाव ७०१.३०. सरासरी ६९४.६५. शेअरमागे लाभ ३८४.६५, एकूण ७६,९३०. ती ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह ३१.२ टक्के म्हणजे २४,००२ रुपये कर. शेअर अजून विकलेला नाही, हातात पैसा आलेला नाही, आणि पगारातून चोवीस हजार गेले. पहिल्यांदा ईसॉप वापरणाऱ्याला बसणारा धक्का तो हाच.

तिने शुक्रवारी टाळाटाळ केली आणि रविवारी रात्री जेवण झाल्यावर पोर्टलवर बटण दाबलं असतं तर? त्या दिवशी बाजार बंद, सौदाच नाही. मग नियम म्हणतो, त्याआधीच्या सगळ्यात जवळच्या तारखेचा बंदभाव घ्या. सरासरी नाही, नुसता बंदभाव : ७०१.३०. शेअरमागे ६.६५ रुपये जास्त, २०० शेअरवर करपात्र रक्कम १,३३० रुपयांनी वाढली. उलट शुक्रवारी भाव दिवसभर घसरला असता तर रविवार फायद्याचा ठरला असता. त्यातून बऱ्याच योजनांत एक्सरसाइजची तारीख म्हणजे अर्ज आणि पैसे दोन्ही कंपनीकडे पोचल्याची तारीख असते, तेव्हा बटण दाबायच्या आधी ते कलम वाचा.

मुख्य कंपनी परदेशी असेल तर

नागपुरात बसून अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या मुख्य कंपनीचे ऑप्शन मिळणारे लोक आता कमी नाहीत. ग्रँटची किंमत तिथल्या नियमाने ठरते. अमेरिकेत करकायद्याच्या कलम ४०९ए च्या नियमांखाली ग्रँटच्या आधीच्या किंवा नंतरच्या ३० दिवसांच्या आतल्या काळाची सरासरी चालते, पण ती घेणार हे काळ सुरू होण्याआधीच पक्कं केलेलं असावं लागतं. फ्रान्समध्ये आधीच्या २० सत्रांची सरासरी पायाला असते आणि ऑप्शनची किंमत तिच्या ८० टक्क्यांखाली जाऊ शकत नाही. इस्रायलच्या आयकर कायद्यातल्या कलम १०२ मध्ये ३० ट्रेडिंग दिवसांची सरासरी येते.

भारतातल्या कराला मात्र यातलं काही लागू नाही. परदेशी एक्सचेंज आपल्या कायद्यात ‘मान्यताप्राप्त’ नसल्याने उघडता-बंद भावाचं सूत्र चालत नाही. सेबीकडे नोंद असलेल्या श्रेणी १ च्या मर्चंट बँकरचा दाखला लागतो. तो एक्सरसाइजच्या दिवसाचा किंवा त्याआधीच्या १८० दिवसांतला हवा. म्हणजे परदेशी बाजारातला भाव मोबाइलवर बघून केलेला हिशेब आणि फॉर्म १६ मधला आकडा जुळेलच असं नाही.

आकडा जुळला नाही तर

एचआरला ‘चूक आहे’ असं लिहू नका, हिशेब मागा. मेल एवढाच पुरे : ‘ग्रँट लेटरमधल्या एक्सरसाइज किमतीसाठी घेतलेल्या तारखा, एक्सचेंज, प्रत्येक दिवसाचा बंदभाव आणि पूर्णांकनाची पद्धत कळवावी. माझा तक्ता सोबत जोडला आहे.’ दहा ओळींचा तक्ता जोडलेला मेल टाळता येत नाही, आणि बहुतेक वेळा उत्तर एखाद्या सुटीच्या तारखेत किंवा ‘लास्ट’च्या स्तंभात सापडतं.

एक्सचेंजची मूळ फाइल, योजनेची ती पानं, ग्रँट लेटर आणि एक्सरसाइजच्या दिवशीचे उघडते-बंद भाव एकाच फोल्डरमध्ये ठेवा. शेअर विकाल तेव्हा भांडवली नफ्यासाठी खरेदीची किंमत (वरच्या उदाहरणात) ३१० धरायची नाही, ६९४.६५ धरायची, कारण त्या फरकावर कर आधीच भरला आहे. बाजारात नोंद असलेल्या शेअरसाठी १२ महिन्यांहून जास्त ठेवले तर दीर्घकालीन, त्याच्या आत विकले तर अल्पकालीन. हे महिने ग्रँटपासून किंवा व्हेस्टिंगपासून मोजत नाहीत, शेअर वाटपाच्या तारखेपासून मोजतात. ती तारीख वाटपाच्या पत्रावर असते. डीमॅट खात्यात शेअर त्यानंतर दिसतात, त्यामुळे डीमॅटमधली तारीख बघून विकायचा दिवस ठरवू नका.